मोदकाला टिचकी

कॅसेटचा विषय निघालाच आहे तर ऐका. नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीला ॲनिमेशन शिकायचो आणि गणपतीच्या गोष्टीचं कार्टून बनवलेलं. ठाण्याला आमच्या कोळीवाड्यातल्या मंडळाला ते हवं होतं, पण मंडळाकडे फक्त टेपरेकॉर्डर आणि कर्णा. अध्यक्ष हिरूकाका म्हणाले, "चित्रं राहू दे रे, आवाज तरी कॅसेटमध्ये भरून आण." मी कॉम्प्युटरवर कार्टून चालवलं आणि स्पीकरपुढे टेप ठेवून रेकॉर्ड केलं.

आरतीनंतर सगळा वाडा ऐकायला बसला. शंकराने त्रिशूळ उगारला आणि कर्ण्यातून माझाच आवाज आला, "गोष्ट पुढे न्यायची असेल तर मोदकाला टिचकी मारा." कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या मोदकावर माउसने क्लिक करायला सांगणारं ते वाक्य कॅसेटमध्ये तसंच राहिलेलं. पुढे नुसती शांतता, कारण रेकॉर्डिंग करताना मी बटण दाबायला वेळ लावलेला. सगळे माझ्याकडे बघतायत, मी चपलांकडे.

हिरूकाका शांतपणे उठले आणि नैवेद्याच्या ताटातल्या मोदकाला त्यांनी टिचकी मारली. त्याच क्षणी त्रिशूळ खणाणला. अख्ख्या मांडवाने हात जोडले.

पुढच्या वर्षी मी हौसेने कॉम्प्युटरच उचलून नेला. त्या जागी चित्र थांबलं. काकांनी ताटातल्या मोदकाला टिचकी मारली. काही हललं नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खराब निघाला रे तुझा कॉम्प्युटर. जा, कॅसेट घेऊन ये."