इन्सुलिन आणि गावातले दोन फ्रीज

हसू नका, पण आमच्या आबांच्या पायाचं बोट जायची वेळ आली ती कोल्ड्रिंकमुळं.

नव्वदच्या दशकात शिराळ्याजवळच्या आमच्या गावात फ्रीज दोनच. एक जनावरांच्या दवाखान्यात आणि दुसरा रशीदभाईंच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात. दुकान जवळ, म्हणून माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, इन्सुलिन तिथं ठेवलेलं. आबा रोज सकाळी दुकानात जाऊन सुई टोचून घ्यायचे. तरी साखर वाढतीच, पायाची जखम काही भरेना. सांगलीचे डॉक्टर डोस वाढवून वाढवून थकले.

शेवटी चिडून म्हणाले, "बोट कापावं लागेल. आबा, खरं सांगा, गोड काय खाता?"

"खात कायबी न्हाई. सुई झाली की एक आंब्याचं कोल्ड्रिंक पितो, तेवढंच."

मी उडालोच. "रोज?"

"मग रं? त्यो बिचारा आपली बाटली फुकट ठिवतोय. त्याची एक बाटली तरी घ्यायला नगो?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, "औषध तेच राहू दे. फ्रीज बदला."

त्याच दिवशी इन्सुलिन जनावरांच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. तिथं पिण्यासारखं काहीच नाही, म्हणून मी निर्धास्त. पुढं बोट वाचलं, त्यात वाद नाही. पण दुसऱ्याच सकाळी बघतो, तर आबा म्हशीचं दावं हातात धरून तिला दवाखान्याकडं घेऊन निघालेले.

"आवं आबा, म्हशीला काय झालंय?"

"तिला कशाला काय हुतंय? पर रोज नुसतं आपलंच काम करून यायचं, बरं दिसतंय व्हय?"