लेओचा हात आणि माझी खूण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या साल्तादेरो बेसबॉल क्लबाचे आधारस्तंभ माननीय डॉन आनिबाल. व्यासपीठावर विराजमान झालेले पाद्रे एलिहियो. शेजारच्या बोका ओंदाहून मुद्दाम आलेले, एके काळचे आमचे हाडवैरी डॉन वेन्सेस्लाओ, ज्यांना दोन्ही गावं 'बोकड' म्हणूनच ओळखतात. सत्कारमूर्ती डॉन लेओविहिल्दो रेइनोसो आणि दोन्या मिरेया. आणि पंख्याखालची जागा धरायला तासभर आधी येऊन बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी पाद्रे पंचवीस मिनिटं बोलले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, देवाच्या माणसाला घड्याळ कशाला? पण मला मध्येच चिठ्ठी पाठवू नका. चष्मा मी घरी ठेवून आलोय.

नव्या मंडळींसाठी सांगतो. मी एउफेमियो, म्हणजे फेमो. लेओ आपल्या संघाचा व्यवस्थापक होता तेवढी सदतीस वर्षं मी त्याचा सहायक. त्याच्याआधी खेळत होतो तेव्हा तो संघाचा कॅचर आणि मी राखीव कॅचर. तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसायचा, मी बाकावर. म्हणजे बसायचो दोघंही, पण लोक तिकीट काढून यायचे ते त्याचं बसणं बघायला.

सत्काराच्या भाषणात वक्त्यानं म्हणायचं असतं की सत्कारमूर्तीबद्दल मला नितांत आदर आहे. आहे, कोण नाही म्हणतो? पण आदरापेक्षा मत्सर जास्त आहे, आणि तो आजचा नाही. लेओला चेंडू दिसायचा तसा मला कधी दिसला नाही. लेओ बारमध्ये शिरला की लोक खुर्ची द्यायचे, मी शिरलो की विचारायचे, 'लेओ येतोय का मागनं?' मिरेयाबरोबर जत्रेत पहिला नाच मी नाचलो होतो. दुसरा कोण नाचला ते समोर बसलंय. जाऊ द्या. मिरेया, तू हसू नकोस, मी विनोद करत नाहीये.

तर मुद्द्यावर येतो. मघाशी अध्यक्षांनी फडकं बाजूला करून एक पाटी दाखवली. संगमरवराची आहे, छान आहे. 'सातव्या डावात हात वर करून ज्याने दोन गावांचे वैर संपवले, त्या लेओविहिल्दो रेइनोसो यांस.' ही पाटी उद्या मैदानाच्या फाटकावर लागणार. गुरुवारी लेओ कायमचा मुलीकडे न्यूयॉर्कला जाणार. म्हणजे मला काही बोलायचं असेल तर आजच. एकेचाळीस वर्षं मी गप्प बसलोय, आणि संगमरवर काही पुसता येत नाही.

आजच्या मुलांना आता खरं वाटणार नाही, पण बोका ओंदाशी सामना म्हटलं की आमच्या आया आदल्या दिवशी जखमा बांधायला पट्ट्या कापून ठेवायच्या. आम्ही उसाचे, ते मासळीचे, मध्ये बारा किलोमीटर. सुरुवात कोणी केली? आम्ही म्हणतो त्यांनी, ते म्हणतात आम्ही. बोकड, मान हलवू नकोस, तुम्हीच केली. नियम एकच होता. आपल्या माणसाच्या अंगावर चेंडू बसला की पुढच्या डावात त्यांच्या माणसाच्या अंगावर बसलाच पाहिजे, आणि तोही त्यांच्या सगळ्यांत चांगल्या माणसाच्या. मग दोन्ही बाक रिकामे. तापानं फणफणलेला माणूससुद्धा मैदानात धावायचा. आमचा एक गडी तर हातात तळलेल्या केळ्याचा तुकडा घेऊन धावला होता, आणि भांडण संपेपर्यंत त्यानं तो सोडला नाही. जो धावत नाही त्याच्याशी हंगामभर कोणी कॉफी पीत नसे.

अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी. शेवटचा सामना आपल्याच मैदानावर. शेडखाली गवती टोपी घातलेला एक अमेरिकन वही घेऊन बसलेला, तिकडच्या संघासाठी खास लेओला पारखायला आलेला. मी बाकावर, सातवा हंगाम. सहाव्या डावात लेओ फलंदाजीला गेला आणि त्यांच्या पिचरनं पहिलाच चेंडू आत मारला. तो अंगठ्यावर बसला. आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला. लेओ गुडघ्यावर कोसळला, आणि दोन्ही बाक रिकामे झाले.

सगळ्यांत पुढे आमचा पिचर सिरिलो. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, तो थेट त्यांच्या पिचरवर जाऊन आदळला. बोकडानं सिरिलोची कॉलर धरली, आमचे म्हातारे व्यवस्थापक डॉन तोनो बोकडाच्या पाठीवर चढले. धूळ, शिव्या, टोप्या. अंपायर ओरडून ओरडून लाल झालेला. दोन्ही गावचे गडी मैदानात होते.

एक सोडून. मी बाकावर वाकून डाव्या पायाचं पॅड बांधत होतो.

खोटं कशाला बोलू? लेओच्या अंगठ्याचा आवाज ऐकला आणि माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. अंगठा गेला, आता मी. एवढंच. डावं पॅड झालं, उजवं झालं, छातीवरचं कवच चढवलं, तोंडावरची जाळीसुद्धा बांधली. गंमत अशी की आमची फलंदाजी अजून संपलीच नव्हती. पॅडांची गरज लागायला अजून वेळ होता. पण माझे हातच थांबेनात.

भांडण मिटलं, मंडळी परत आली. कोणाचा ओठ फुटलेला, कोणाचा शर्ट फाटलेला, आणि मी नवऱ्या मुलासारखा सजून बसलेलो. डॉन तोनोंनी ओठावरचं रक्त पुसलं, माझ्या पॅडांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं.

"वा," ते म्हणाले, "फेमो तयारच आहे."

झालं. त्या दिवसापासून मी 'तयार फेमो'. माझ्या लग्नात लोकांनी तेच म्हटलं, माझ्या नातवाच्या बारशाला पाद्रेंनीही तेच म्हटलं. माझी सख्खी आई म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा झालास रे."

आता सातवा डाव. अंपायरनं दोन्ही संघांना बोलावून बजावलं, "आता कोणाच्या अंगाला चेंडू लागला तर पिचर आणि कॅचर, दोघंही बाहेर." आणि पहिलाच फलंदाज कोण? हा बोकड. त्यांचा सगळ्यांत चांगला माणूस. सगळ्या गावाला माहीत होतं आता काय होणार ते. डॉन तोनोंनी बाकाजवळून कान ओढला. म्हणजे मार. ती खूण मी बघायची आणि खाली हात धरून बोटांनी सिरिलोला सांगायची, कारण पिचर कॅचरकडे बघून टाकतो.

मी सांगितली नाही. मी खूण केली, खाली आणि बाहेर, वळता चेंडू. सिरिलोनं मान हलवली. नाही म्हणाला. मी पुन्हा तीच खूण केली. तेवढ्यात आमच्या बाकावर लेओ उठून उभा राहिला आणि टॉवेल गुंडाळलेला हात त्यानं वर केला. सिरिलोनं तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चेंडू टाकला. खाली आणि बाहेर. बोकडानं कसाबसा बॅटला लावला आणि बाद झाला. कोणाला काही लागलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोका ओंदाविरुद्धचा सामना दुसऱ्या भांडणाशिवाय संपला.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. तेव्हाच्या पाद्रेंनी पुढच्या रविवारी चर्चमध्ये सांगितलं की स्वतःचा अंगठा मोडलेल्या माणसानं हात वर करून म्हटलं, सोडून द्या त्याला. बायका रडल्या. बोकड मासळीची टोपली घेऊन लेओच्या घरी आला. तेव्हापासून दर जानेवारीला दोन्ही गावांचा एकत्र सामना आणि एकाच कढईतला सांकोचोचा रस्सा. गाव बदललं हे खरंच आहे, त्याची थट्टा मी करत नाही.

पण खूण कोणाची होती? माझी. चेंडू खाली आणि बाहेर कोणी मागितला? मी. मग एकेचाळीस वर्षं हा जळफळाट पोटात ठेवून गप्प का बसलो, असं विचाराल. कारण मग पुढचा प्रश्न आला असता, फेमो, तू का नाही मारायला सांगितलंस? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. बोकडाला चेंडू लागला असता तर मी बाहेर गेलो असतो. सात हंगामांनी मिळालेली जागा एका चेंडूत गेली असती, तीही लेओच्या अंगठ्यासाठी. नवव्या डावात माझी फलंदाजी येणार होती आणि गवती टोपीवाला बघत होता. मला शांतता नको होती, मला खेळायचं होतं.

खेळलो. तीन चेंडू, तीन वेळा बॅट हवेत, मी बाद, आणि एका धावेनं आपण हरलो. गवती टोपीवाला तर लेओचा अंगठा मोडला तेव्हाच वही मिटून गेला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

आणि लेओनं हात कशासाठी वर केला होता? तेही मला माहीत आहे, फार दूर नव्हतो मी. बर्फ मागायला. बर्फ मागायला हात वर केला आणि संत झाला, आता फाटकावर बसणार. याचंच माझ्या पोटात दुखतं. लेओ, सगळ्यांसमोर सांग, बर्फच मागत होतास ना?

काय? बसूनच बोल, उठू नकोस. माईक द्या रे त्याला.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, त्याचा आवाज आता बसलाय, म्हणून मीच सांगतो. लेओ म्हणतोय, "बर्फ कसला रे? मी सिरिलोला सांगत होतो, त्या फेमोकडे बघू नकोस, बोकडाचं डोकं फोड."

हसा. बोकड, तू टोपी घाल, लेओ जायला अजून गुरुवार यायचाय.

थांबा जरा. मला थोडं पाणी द्या.

म्हणजे सिरिलोला दोन खुणा दिसल्या. तिसरी डॉन तोनोंची, तीही त्याला ठाऊक असणारच. एक या प्रांतातल्या सगळ्यांत चांगल्या कॅचरची, आणि एक माझी. ज्याला अर्ध्या तासापूर्वी त्यानं भांडणाच्या वेळी पॅडं बांधताना बघितलं होतं, त्याची. लेओ, आणखी काही म्हणतोयस का? सांग, आता काय उरलंय?

लेओ म्हणतोय की त्यानं सिरिलोला जाब विचारला होता, आणि उत्तर ऐकून वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता. सिरिलो म्हणाला होता, "तू बाकावर होतास. कॅचर फेमो होता."

हे तू मला आज सांगतोयस, लेओ? एकेचाळीस वर्षांनी? तुलाही माझा मत्सर वाटत होता की काय? मान हलवू नकोस, होय की नाही ते सांग. बरं, नको सांगूस. मिरेया सांगेल.

मित्रहो, सिरिलो सहा वर्षांपूर्वी गेला. त्या सामन्यानंतर अर्धं गाव म्हणायचं, लेओचा हात हे निमित्त, बोकडासमोर सिरिलोचे हातपाय गळाले. बारमध्ये त्याच्या तोंडावर म्हणायचे. मी शेजारी बसून कॉफी प्यायचो. फेमोनं खूण केली होती, असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि मीही म्हणालो नाही. लोक त्याला भित्रा म्हणत होते तेव्हा मी लेओच्या कौतुकाचा हेवा करत बसलो होतो. ज्या एका माणसानं मला खरा कॅचर मानलं, त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

पाटीवर खाली रिकामी जागा आहे, मी मघाशी बघून घेतलीय. अध्यक्षांना माझी विनंती आहे की तिथं सिरिलोचं नाव कोरावं. माझं नको. म्हणजे हवंय, खूप हवंय, पण नको. लेओ, न्यूयॉर्कला थंडी आहे, अंगठ्याला जप. तू नसशील तर मी कोणावर जळू, हा मला खरोखरच पडलेला प्रश्न आहे.

अध्यक्ष महाराज, पाच मिनिटांची किती झाली ते मी विचारत नाही. आयोजकांचे आभार, स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार, बोका ओंदाच्या पाहुण्यांचे आभार. शेवटी वक्त्यानं म्हणायचं असतं की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. बोलण्यात आज काही चुकलं नाही. चुकलं ते बारमध्ये, कॉफी पिताना गप्प बसून. ती माफी सभेनं द्यायची नाही. सिरिलोची बायको ओबदुलिया तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसली आहे. दोन्या ओबदुलिया, तुम्ही काय ते सांगा. तोपर्यंत मी इथंच उभा आहे.