जावेची पाकिटं मोजताना

मी मूळची चांदूर रेल्वेची. बाप शाळेत शिपाई, माय लहानपणीच गेली, बारावी झाली न लगन होऊन अमरावतीले आली. घरी सासूबाई, आमचे हे, आमचं लेकरू, दीर अन् माही धाकटी जाऊ रेखा, हिवरखेडची. माहं काम म्हणान तर मोठ्या किराणा दुकानात जायचं, आमच्या मसाल्याच्या कंपनीच्या मालाले फळीवर किती जागा भेटली ते टेपनं मोजायचं, फोटो काढायचा, साहेबाले धाडायचा. आज अमरावती, उद्या अकोला. लोक हासतात, म्हणतात फळ्या मोजते. पण फळीवरच सगळं असते बाप्पा, डोळ्यासमोरचा माल उचलल्या जाते, पायाजवळचा धूळ खात पडते.

तर रेखा. काय सांगू तुमाले, मी दिवसभर बाहेर अन् ती घरी, तर सासूबाईजवळ बसून काळा मसाला कराले लागली. तोच मसाला मी तिच्या आधी शिकली होती, खोबरं कुठपर्यंत भाजावं ते सासूबाईनं पहिले मले सांगतलं होतं. पण पाकिटं काढली तिनं. पाकिटावर सासूबाईचा फोटो, नऊवारीत, हासून रायल्या. पहिले गल्लीत इकली, मंग दुकानात, अन् एक दिवस अकोल्यात मी टेप लावाले गेली तर आमच्या मालाले खेटून, बरोबर डोळ्यासमोर, सासूबाई! अंगाची आग आग झाली. खोटं काऊन बोलू, शेजारीण असती तर मी खूश झाली असती, जाऊ होती म्हणून जळली.

फोटो गेला तसा साहेबाचा फोन. म्हणे ह्या लोकल मसाल्यानं आपली जागा खाल्ली, मालकाले सांगून खाली टाकायले लावा. त्याले काय मालूम ती कोन. मी सांगतलं दुकानाच्या मालकाले, अन् सांगताना बरंही वाटलं. तो म्हणे त्यात काय ताई, टाकतो. त्यानंच पाकिटं उचलून खाली फिनाईलजवळ लावली. तेवढ्यात एक बाई आली, तिची चप्पल पाकिटाले घासली, सासूबाईच्या तोंडाले. अन् त्या तशाच हासून रायल्या. माहं बाळंतपण ह्याच सासूबाईनं केलं हो, माय नोती मले. नाई पाहवलं. म्हटलं भाऊ, वर ठेवा ते. तो म्हणे आत्ताच तर तुमी. म्हटलं, माही सासू हाये ते. त्यानं पाकिटं उचलून परत वर लावली.

साहेबाले खरं तेच सांगतलं. तो म्हणे घरचं घरी ठेवत जा, अन् अकोल्याचं काम माह्याकडून काढून दुसऱ्या पोरीले देल्लं. घरी आली तर रेखा दारातच, म्हणे ताई, अकोल्यात आपला मसाला चांगला चालून राहिला म्हणे. आपला! तो शब्द मले अजून टोचते. मी हात धुतले न पोळ्याले लागली.

आता तिनं मोठी चक्की घेतली. मले म्हणते ताई, तुमाले दुकानं मालूम, या माह्यासंगं. सासूबाईही म्हणतात, जा वं, घरचंच हाये. मी पाहू म्हणते न उठून जाते. तिच्या हाताखाली मले जमनार नाई, अन् तिचं वाईट झालेलंही पाहवनार नाई, असं मधातच लटकून रायली मी. तिले देव बरकत देवो. मले रातची झोप देवो, एवढंच.