टाकीतल्या झाडांचा गुलाबी दिवा

अरे, दिव्यावरून आठवलं. हैदराबादेत, अंबरपेठच्या आमच्या घरी माशांची टाकी आहे. माझ्या बायकोला, स्नेहाला, टाकीत खरीच झाडं हवी होती. पण टाकीबरोबर आलेल्या निळ्या दिव्याखाली ती सडायला लागली. स्नेहा बिचारी फार हिरमुसली. शेवटी तिने कोठीच्या बाजारातून झाडं वाढवायचा गुलाबी दिवा आणला आणि झाडांनी खरंच मान वर केली! फक्त संध्याकाळ झाली की अख्खा हॉल गुलाबी, थेट रस्त्यावरून दिसेल इतका.

एकदा समोरच्या आपा नटूनथटून दारात हजर. "लायटां देखके आई मैं. मंगनी किसकी है? हमकू बोले बी नै?"

स्नेहाने त्यांना टाकीपाशी नेलं. "आपा, ये झाडों के वास्ते है."

आपा वाकून बघतच राहिल्या. "पानी के झाडां को इत्ती रोशनी? मेरी शादी में बी नै थी!"

आम्ही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी स्नेहाने पांढरा दिवा आणून लावला. मी म्हटलं, "अगं, झाडं तर गुलाबीवर खूश होती!"

"झाडं खूश होती रे," ती म्हणाली, "पण आज सकाळी वरच्या मजल्यावरचे रावगारू आहेर घेऊन आले!"