देवकीच्या कळा

कुडाळच्या एका प्रसूतिगृहात बाहेरच्या बाकावर दिवस भरलेली एक बाई आणि तिचा नवरा बसले होते. नवऱ्याच्या भुवया कोरलेल्या, कानामागे आदल्या रात्रीचा रंग.

"गौरजा, तू घाबरू नको. मी आसंय मा."

"तुमका काय म्हायत?"

"माका? गो, दशावतारात देवकी कोण करता? दर जत्रेक मी बाळंत होतंय."

"लुगडा नेसान."

"लुगडा नेसान, पण लोक रडतत! आता ऐक. कळ इली की लगेच बोंबलूचा नाय. आधी कपाळाक हात लावचो. मगे एक लांब सुस्कारो. मगे बाकड्याक धरून हळूहळू खाली बसूचा. आणि तोंड लोकांकडे ठेवचा."

"खंयच्या लोकांकडे?"

"डॉक्टर, नर्स, कोण असतीत ते. वालावलच्या जत्रेक एक म्हातारी माका म्हणाली, माका पाच झाली, पण तुझ्यासारखा एकदाय जमूक नाय."

"आणि बाळंत झाल्यावर काय करतास?"

"काय करतलंय? चाय पितंय आणि सकाळची एसटी धरून घराक येतंय."

"जरा हात द्या बघू तुमचो."

"इली काय कळ? बरा झाला. आता कपाळाक... आयगे! सोड गो! हात मोडलो माझो! मेलंय, मेलंय!"

आतून नर्स धावत आली.

"कोण ओरडलं? कळा सुरू झाल्या का?"

"होय, सिस्टर. ह्यांका. इतकी बाळंतपणां झाली, पण कळ आज पयल्यांदाच इली."