सरांसमोर रद्द झालेले डबे

अगं, आमच्या अश्विनीची परीक्षा मी जवळजवळ घालवलीच होती, ते तुला सांगितलं का?

अश्विनी म्हणजे माझी सून. बाळ झाल्यावर नोकरी सुटली, म्हणून घरबसल्या ऑनलाइन क्लासात ॲप बनवायचं रिॲक्ट शिकत होती. शेवटी स्वतः बनवलेलं ॲप क्लासच्या सरांना, सगळ्या वर्गासमोर व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायचं होतं. जमलं तरच सर मुलाखतीसाठी तिचं नाव पाठवणार होते.

मी घरून जेवणाचे डबे देते ना, तिने त्या डब्यांचंच ॲप केलं. आमच्या खरवई भागातून कुणी मोबाइलवर डबा सांगितला, की माझ्या ओट्यावरच्या टॅबमध्ये त्याचं नाव यायचं आणि आकडा आपोआप वाढायचा.

परीक्षेच्या वेळी ती बाहेरच्या खोलीत होती आणि मी आत डबे भरत होते. पाटीवर मी भरलेल्या डब्याचं नाव खोडते ना, तशीच प्रत्येक डब्यामागे टॅबवर नावापुढची फुली दाबत गेले.

बाहेरून सरांचा आवाज आला, "अश्विनी, तेवीसचे एकोणीस झाले. ऑर्डरी रद्द का होतायत?"

आमटीचा डाव घेऊन मी तशीच दारात धावले. "सर, रद्द नाही हो, मी डबे भरले!"

मला वाटलं, संपलं सगळं. पण पोरगी हसली. "सर, चूक माझी. आई काम कसं करतात ते मी विचारलंच नाही. दहा मिनिटं द्या."

बाळाला मांडीवर घेऊन तिने सगळ्यांसमोर 'भरला' असं नवं बटण केलं, गेलेले चारही डबे परत आणले.

सर म्हणाले, "बाकीच्यांनी खोटी गिऱ्हाइकं दाखवली. हिने खरी सासू आणली. नाव पाठवतो."