पाय धुऊन आलेली माणसं

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक भावसिंगजी राठोड सर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या धर्मग्रामाचे फादर पास्कोल रुमाव. कॉन्व्हेंटच्या आदरणीय सिस्टर. व्यासपीठावर बसायला अजिबात तयार नव्हते, पण बसवले गेले ते आमचे वाहिदभाई मेकॅनिक. आणि समोर बसलेल्या, बाजूला उभ्या असलेल्या, तसंच मागे स्वयंपाकाच्या वासावर लक्ष ठेवून असलेल्या माझ्या बाभुळगावच्या बंधू-भगिनींनो! सर्वांना राम राम, सलाम आणि जय येशू. ज्याला जे लागू असेल ते त्यानं घ्यावं.

संयोजकांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. घरून निघताना माझ्या सौभाग्यवतीनं, जयाबाईनं, वेगळीच सूचना दिली. "मोठ्या लोकायसमोर बोलून राह्यले, तं तिथं मले-तुले करू नका. आन लवकर आटपा, भात गार होते." पहिली सूचना पाळायचा मी मनापासून प्रयत्न करीन. दुसरीचा भरवसा देता येत नाही.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी आधी माझी ओळख. मी सदाशिव खंडारे. बसस्टँडसमोर माझं चपला-बुटांचं दुकान आहे, इथल्या चर्चच्या कौन्सिलचा मी उपाध्यक्ष आहे, आणि मी कॅथलिक आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बाहेर कोणी मानतच नाही. मागे यवतमाळला एका लग्नात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "नाव सदाशिवराव आणि तुम्ही क्रिश्चन? असं कसं?" म्हटलं, "बाप्तिस्म्याचं नाव सायमन आहे." "मग घरी सूट घालत असाल." म्हटलं, "घरी बनियन घालतो." "नाताळला केक तरी?" म्हटलं, "पुरणपोळी." त्यांचा चेहरा असा पडला, की मीच त्यांचं काही चोरलं! जाता जाता बायकोच्या कानात म्हणाले, "माणूस बनावट वाटते." आता सांगा! आजानं बाप्तिस्मा घेतला, बापानं जन्मभर या चर्चची घंटा वाजवली, मी इथं गुडघे झिजवले, आणि आम्ही बनावट?

असो. विषय फादरांचा आहे. त्यातही त्यांच्या आणि आपल्या पायांचा. ईस्टरच्या आधी पवित्र गुरुवार येतो. त्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादर बारा माणसांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले, त्याची ती आठवण. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडायच्या, बारा जणांनी बसायचं, फादरांनी गुडघ्यावर येऊन एकेकाचे पाय धुवायचे. इतकी सरळ गोष्ट. पण आपण वऱ्हाडातली माणसं! फादरसारख्या माणसाच्या हातात मळका पाय द्यायचा? आपल्यात पाहुणासुद्धा दारात पाय धुऊन आत येतो. त्यामुळे इथली जुनी रीत अशी, की ज्याचं नाव लागलं त्यानं घरूनच पाय घासूनपुसून यायचं.

फादर वसईकडचे. नवीनच आले होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्या गुरुवारी आम्ही बाराच्या बारा असे चकचकीत पाय घेऊन बसलो, की लग्नातल्या नवरीनं पाहावे. वाटेत धूळ लागू नये म्हणून मी दुकानातले नवे मोजे सगळ्यांना वाटले होते. फुलचंदमामांनी तर टाचेला चमेलीचं तेल चोळलं होतं. फादरांनी पहिला पाय हातात घेतला, तो नेमका मामांचा. वास घेतला. वर पाहिलं. "हे काय आहे?" मामा भक्तिभावानं म्हणाले, "चमेली, फादर."

फादर तिथंच मांडी घालून बसले. म्हणाले, "मला धुवायला काय ठेवलंत तुम्ही?"

मग जे प्रवचन झालं ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. धुऊन आणलेले पाय इथं कशाला आणता? घरून पवित्र होऊनच येणार असाल तर मग मी कशाला आणि हे चर्च तरी कशाला? आम्ही माना खाली घातल्या, आणि माना खाली घातल्यावर दिसले ते आमचेच चकचकीत पाय. फार वाईट दृश्य होतं.

पुढच्या वर्षी फादरांनी महिनाभर आधीपासून बजावलं, की कोणीही पाय धुऊन यायचं नाही. आपला स्वभाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. फुलचंदमामा म्हशीच्या गोठ्यातून सरळ वेदीसमोर आले. फादरांनी श्वास रोखून धुतले, पण धुतले.

त्याच वर्षीची गोष्ट मला खरी सांगायची आहे. बाराव्या खुर्चीसाठी मी माझ्या मुलाचं, इंद्रजीतचं, नाव दिलं होतं. तो यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला आहे. लहानपणी जपमाळ तोंडपाठ म्हणायचा, अभिमानानं सांगतो. पण त्या दिवशी दुपारी म्हणतो कसा, "बाबा, मी नाही बसत."

"काहून?"

"बसून काय होते? तुम्ही आतमंदी एकमेकाची वाहवा करता. तिकडं वीटभट्टीवरचे लेकरं उन्हात अनवाणी फिरून राह्यले. त्याइच्याकडे कोण पाह्यते?"

मंडळी, उत्तर नसलं की बाप काय करतो? मी ओरडलो. तो त्या दिवसापासून चर्चच्या आत यायचा बंद झाला. आईला रविवारी गाडीवर सोडायचा आणि दारात उभा राहून मोबाइल पाहायचा. मी तुम्हाला मोकळेपणानं सांगतो, मला फार भीती वाटली. आजाकडून बापाकडे आलं, बापाकडून माझ्याकडे, आणि माझ्यापाशी येऊन संपलं तर? वर गेल्यावर बापानं विचारलं, "सदाशिव, पोराले काय देलं?" तर काय सांगू, दुकान देलं?

तर त्या गुरुवारी अकरा जण बसलेले आणि एक खुर्ची रिकामी. तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर लावला तर तोही खोकून बंद पडला. कोणीतरी फोन केला आणि वाहिदभाई आले. त्यांना गाडीवर बसवून घेऊन आला तो इंद्रजीतच. रमजान चालू होता, वाहिदभाईंचा रोजा होता. तरी माणसानं मागच्या खोलीत वाकून जनरेटर चालू करून दिला. लाइट आली. हातात पाना घेऊन ते बाजूच्या दारानं निघाले, तर फादर वेदीवरून म्हणाले, "वाहिदभाई, एक खुर्ची रिकामी आहे."

"फादर, मी तं मेकॅनिक माणूस. माहे पाय पाहा कसे आहेत!"

"तेच पाहतोय," फादर म्हणाले, "दोन वर्षं याच पायांची वाट पाहतोय मी."

वाहिदभाई बसले. फादरांनी पाणी ओतलं. पाय तसाच. साबण लावला. पाय अजून काळा झाला. गायकवृंदानं गीत संपवलं, परत सुरू केलं, परत संपवलं. जयाबाई धावत जाऊन धुण्याची पावडर घेऊन आल्या. फादर घासतात, कपाळावरचा घाम खांद्याला पुसतात, पुन्हा घासतात. शेवटी वाहिदभाईंनाच कीव आली. हळूच म्हणाले, "फादर, पानीनं नाही निघत ते. इंजिनचं ऑइल आहे. डिझेल लागते."

मग जनरेटरमधून वाटीभर डिझेल काढून आणलं. चर्चमध्ये धुपाचा वास होता तो गेला आणि पेट्रोलपंपाचा आला. एक पाय धुऊन झाला, दुसरा परातीत आहे, आणि तेवढ्यात मशिदीतून अजान ऐकू आली. रोजा सोडायची वेळ! सगळे एकमेकांकडे पाहू लागले, आता काय करायचं? फादरांनी हात वर करून गीत थांबवलं. सिस्टर आतून केळं आणि पाणी घेऊन आल्या. वाहिदभाईंनी एक पाय परातीत ठेवूनच रोजा सोडला. अख्खं चर्च त्यांच्या केळं खाण्याकडे पाहत होतं. शेवटचा घास गिळून ते म्हणाले, "आता चालू द्या, फादर. माह्या अम्मीनं बी माहे पाय एवढे घासले नसतील."

आम्ही हसलो, रडलो, दोन्ही केलं. पण मी पाहत होतो दाराकडे. इंद्रजीत दारात उभा होता आणि मोबाइल खिशात होता.

त्या शनिवारी फादर माझ्या दुकानात आले. म्हणाले, "सदाशिवराव, पाय धुणं वर्षातून एकदा. चपला बारा महिने लागतात. जुना माल काढा." मागे इंद्रजीत, गाडीला पोती बांधून तयार! माझ्याकडं जुना माल काय होता ते आता सांगतोच. न खपलेल्या लेडीज सँडल. गुलाबी. वर फुलपाखरू. म्हटलं, "फादर, हे भट्टीवरच्या गड्यायले कसं चालीन?" फादर म्हणाले, "चालायलाच तर देतोय." विटा वाहणारा आपला पूनमसिंग, एवढा धिप्पाड गडी, उन्हाळाभर फुलपाखराची सँडल घालून फिरला आणि त्याला हसायची कोणाची हिंमत झाली नाही. लेकरांना मात्र मापाच्या मिळाल्या. तेव्हापासून फादर आणि इंद्रजीत दर शनिवारी भट्टीवर जातात. आता कॉन्व्हेंटच्या सिस्टर तिथं शिकवायलाही जातात.

तरी रविवारी पोरगं दारातच! मी फादरांच्या मागे लागलो. "फादर, तुमचं ऐकते तो. सांगा ना त्याले आत ये म्हणून." फादर म्हणाले, "सदाशिवराव, तो दारात उभा आहे ना? मग असू द्या." आणि चहा मागितला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

आता फादरांची मेळघाटात बदली झाली आहे. निरोप म्हटला की शाल-श्रीफळ आलं. यांना विचारलं, तर म्हणे, "शाल नको, उकडतं. नारळ नको, फोडत कोण बसणार?" मोमेंटो? "धूळ कोण पुसणार?" अशा माणसाचं काय करायचं? म्हणून कौन्सिलनं गुपचूप एक ठराव केला.

फादर, आज सकाळपासून तुमच्या चपला सापडत नाहीत ना? तुम्ही कॉन्व्हेंटच्या त्या बिचाऱ्या कुत्र्यावर संशय घेतला. त्याला रागावलातही म्हणे. कुत्रा निर्दोष आहे. चपला माझ्या काउंटरखाली सुखरूप आहेत. सकाळपासून तुम्ही अनवाणी बाहेर जेवणाच्या मांडवात गेलात, आचाऱ्याच्या चुलीपाशी गेलात, चपला शोधत विहिरीपर्यंत जाऊन आलात. आता टेबलाच्या कापडाआड पाय लपवून बसला आहात, पण मी चपलावाला आहे, मला दिसतात. मस्त मळले आहेत! नाही, नाही, उठायचं नाही. वाहिदभाईंना तुमच्या शेजारी कशासाठी बसवलं असं वाटलं तुम्हाला? वाहिदभाई, धरा जरा.

इतकी वर्षं तुम्ही आमचे पाय धुतले. तुमचे कोणी धुतले, फादर?

धुवायचा मान कौन्सिलनं मला दिला होता. आठवडाभर मी गुडघ्याला तेल लावून सराव केला. वाकता येतं. उठता येत नाही. काल दुपारी इंद्रजीत दुकानात आला. म्हणाला, "बाबा, तुमच्याच्यानं होत नाही ते. फादरचे पाय मी धुतो."

मी म्हटलं, "त्यासाठी आत या लागते."

तो म्हणाला, "मालूम आहे मले."

मंडळी, मी बुटांच्या खोक्यांमागं जाऊन रडलो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते बिचारं चप्पल न घेताच निघून गेलं.

असो. अध्यक्षमहोदयांनी मला टोकलं नाही, त्यांचे आभार. सिस्टरांचे आभार, वाहिदभाईंचे आभार, कुत्र्याची माफी. बोलण्याच्या ओघात कमी-जास्त झालं असेल, मले-तुले झालं असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. आणि भात गार झाला असेल, तर जयाबाईसमोर कोणीतरी माझी बाजू घ्या, एवढी हात जोडून विनंती.

मागच्या लोकांनी जरा वाट द्या. चर्चच्या दारात इंद्रजीत उभा आहे. हातात परात आहे, तांब्या आहे, आणि लागलंच तर म्हणून डिझेलची बाटली बी आहे.

ये रे बाबू. आत ये.